फाटकावरची वाटी

रेनाता माझ्याकडे राहायला आली ती माझ्या भाचीच्या कृपेने. भाचीने मला न विचारता मोबाइलवर माझ्या मागच्या खोलीचा फोटो टाकला, खाली ‘मृतांच्या दिवसांत घरगुती पाहुणचार’ असं लिहिलं, आणि ऑक्टोबर संपता संपता मोन्तेर्रेईची ही पोरगी पाठीवर भलंमोठं बोचकं घेऊन दारात उभी राहिली. देशाच्या पार उत्तरेकडच्या शहरातली माणसं ती. त्यांच्याकडे माणूस एकदा पुरला की पुरला. वर्षाकाठी फुलं टाकायची आणि घरी जाऊन मांस भाजायचं.

“तुम्ही खरंच हाडं बाहेर काढता?” पाण्याचा घोट घ्यायच्या आधी तिने विचारलं.

“नाही, खोटी काढतो,” मी म्हटलं. “बस. आधी हात धू.”

ती तिकडे एका इस्पितळात एक्स-रे काढायचं काम करायची. “दिवसभर हाडंच बघते मी, मावशी. पण हातात कधी घेतलं नाही.” पहिल्याच दिवशी मावशी म्हणायला लागली. अशा पोरी लाघवी असतात, आणि भांडी मात्र आपल्यालाच घासावी लागतात. पण हिने दुसऱ्या दिवशी न सांगता अंगण झाडलं, तेव्हा मी मनातल्या मनात थोडी नरमले.

आमची पावाची भट्टी आहे. म्हणजे एलादिओची होती, आता मी चालवते. या दिवसांत अख्ख्या गावाला पाव लागतो, जिवंतांना आणि मेलेल्यांनाही, त्यामुळे मला मान वर करायला फुरसत नसते. एलादिओ असता तर गाणी म्हणत शंभर पाव जास्त काढले असते. माझा नवरा नाचरा होता. पीठ मळतानासुद्धा त्याचे पाय थांबत नसत. एका वादळानंतर भट्टीचं छप्पर दुरुस्त करायला चढला, पाय निसटला, आणि वरून थेट फरशीवर आला. मांडीचं हाड मोडून पाय पार वाकडा झाला होता. डोक्याला लागलं ते बाहेरून दिसलंच नाही. संध्याकाळपर्यंत संपलं सगळं.

आमच्याकडे तीन वर्षं झाली की माणसाला जमिनीतून वर काढतात. हाडं उन्हात सुकवायची, लाकडी पेटीत ठेवायची, वर कवटी, आणि खाली अंगाभोवती नाव भरतकाम केलेलं पांढरं कापड. ते कापड म्हणजे त्याचे कपडे. दर वर्षी पेटी उघडून हाडं ब्रशने साफ करायची आणि नवं कापड घालायचं. ज्याचं कोणी कापड बदलत नाही तो या दिवसांत मळक्या, फाटक्या कपड्यांनी रस्त्यावर हिंडतो, आणि चिडलेला असतो. मी लहानपणापासून हे ऐकत आले आहे आणि त्यात हसण्यासारखं मला कधीच काही वाटलेलं नाही.

एलादिओच्या कापडाला मी जुलैपासूनच हात घालते. या वर्षी पिवळी फुलं आणि कडेला गव्हाची लोंबी भरली होती. रेनाताने त्यावरून हात फिरवला.

“त्यांना कळतं का, मावशी, नवीन कापड घातलेलं?”

“कळतं म्हणजे? घरी येतो तो.”

हे मी कोणाला सांगत नाही, पण त्या पोरीला सांगितलं. एक नोव्हेंबरला, मोठ्या माणसांच्या दिवशी, दिवेलागणीला मी टेबल मांडून बसते, आणि फाटकापासून दारापर्यंतच्या खडीवर पावलं वाजतात. एक पाऊल टाकलेलं, एक ओढलेलं. टाकलेलं, ओढलेलं. दाराशी थांबतात आणि मग आतल्या मेणबत्त्या जराशा वाकतात. त्याला पेटीत घातलं त्या वर्षी ही पावलं पहिल्यांदा ऐकली आणि मी ढसाढसा रडले होते. नाचणारा माणूस माझा, आणि मेल्यावरही त्याचा तो पाय दुखतोच आहे. तेव्हापासून मी टेबलावर त्याच्या ताटाशेजारी मालिशच्या तेलाची बाटली ठेवते. पेटीतलं ते वाकडं हाड साफ करताना त्यालाही थोडं तेल लावते.

रेनाताने स्वतःचे दंड चोळले.

एक तारखेला पहाटे जमिनीतल्या खड्ड्यातून आम्ही पिब वर काढला. मक्याच्या पिठात कोंबडी आणि चवळी घालून, केळीच्या पानात बांधून, निखाऱ्यांवर पुरून भाजलेला तो मोठा थोरला जिन्नस उघडला की वासानेच भूक लागते. मधला मऊ, रसाळ भाग मी एलादिओच्या ताटात वाढते. जळलेला कोपरा आणि हाताला लागतील ते कोंबडीचे दोन तुकडे फाटकावरच्या वाटीत. भोपळ्याची वाटी आहे ती, दोरीने टांगलेली. ज्या आत्म्यांना कोणी नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक घर अशी वाटी टांगतं, नाहीतर ते आत शिरतात.

“जळकं का देता त्यांना?” रेनाताने विचारलं.

“मग काय मधला भाग देऊ? त्यांना मिळतंय हेच खूप.”

दुसऱ्या दिवशी ती वाटी मी कुत्र्यापुढे ओतते. कुत्रं मांस खातं आणि जळका कोपरा हुंगून सोडून देतं. एकदा भुकेच्या तंद्रीत मीच तो तोंडात टाकला होता. कागद चावल्यासारखा लागला, कडूसुद्धा लागला नाही. थुंकून टाकला आणि विसरून गेले. आत्म्यांनी जे खाल्लं त्याची चव जाते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या क्षणी माझ्या डोक्यात काय होतं कोण जाणे.

स्मशानात जायला या वर्षी उशीर झाला. लोक दोन दिवस आधीच साफसफाई उरकतात. माझे पाव संपेनात, म्हणून मी पहिल्या तारखेच्या सकाळी गेले, रेनाता मागे बादली घेऊन. रंगवलेल्या कोनाड्यांतून सगळ्यांच्या कवट्या नव्या कपड्यांत बाहेर बघत होत्या. माझाच नवरा तेवढा जुन्या कपड्यात. मला लाज वाटली.

पेटी खाली घेतली. जुनं कापड पसरून त्यावर मी एकेक हाड ठेवत गेले, ब्रश फिरवत गेले, आणि नेहमीसारखं त्याच्याशी बोलत होते. पीठ महागलंय. भाचीला लग्न नकोय म्हणते. ही बघ, उत्तरेकडची पाहुणी. रेनाताला मी मांडीचं हाड दिलं, तेलाची बाटली दिली. तिने ते दोन्ही हातांवर घेतलं आणि उजेडात धरलं. तिच्या चेहऱ्यावरचं प्रवाशाचं कौतुक गेलं आणि कामावरचा चेहरा आला.

“हे मोडल्यावर नीट बसवलं नव्हतं,” ती म्हणाली. “पण जुळलंय छान. ही गाठ बघा ना. अशी गाठ व्हायला वर्षं जातात. मावशी, तुमचे मिस्टर लंगडायचे का पहिल्यापासून?”

मी म्हटलं, “तो पडला त्याच दिवशी गेला. सांगितलं ना तुला.”

“हो, पण मग हे...” ती थांबली. तिला कळलं. मला कळायला अजून थोडा वेळ लागला.

“मेलेल्या माणसाचं हाड जुळत नाही, मावशी,” ती हळू आवाजात म्हणाली.

मी ते हाड तिच्या हातातून हिसकावून घेतलं. “तुला कोणी विचारलं होतं? चार दिवस जेवायला आलीस, जेव आणि जा. यंत्रातून बघतेस ना, तेवढंच बघ!” आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. ती रडवेली झाली, पण गेली नाही. बादलीजवळ बसून राहिली. आणि माझं बोट आपोआप त्या गाठीवरून फिरत होतं. इतकी वर्षं तेल लावताना फिरलेलं बोट. मोडलेलं हाड एवढं गुळगुळीत कसं, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

मी हासिन्तोला हाक मारली. तो इथे खड्डे खणतो, ज्यांना जमत नाही त्यांची हाडं साफ करून देतो. त्याच्या आधी त्याचा बाप हेच करायचा.

“हासिन्तो, माझ्या नवऱ्याला वर काढलं तेव्हा तू होतास का रे?”

“होतो की, ताई. पाणी शिरलं होतं त्या वर्षी. तुम्ही तिकडे भिंतीशी तोंड फिरवून उभ्या होतात. म्हणालात, माझ्याच्याने बघवत नाही, पेटीत घालून द्या.”

“आणखी कोणाला काढलं त्या दिवशी?”

तो डोकं खाजवायला लागला. “शेजारचाच खड्डा. पाण्याने दोन्ही खचले होते. बाबांनी दोघांना एकदमच काढून उन्हात घातलं होतं. तो नव्हता का धारवाला? चाकूंना धार लावायला यायचा, शिट्टी वाजवत. कुठला होता देव जाणे. इथेच बाजारात मेला. तिबुर्सिओ. लंग...”

तो मध्येच थांबला आणि त्याने जुन्या कापडावरच्या हाडांकडे बघितलं. मग टोपी काढली.

“लंगडा,” मी म्हटलं.

तिबुर्सिओ मला आठवत होता. माझे पावाचे चाकू तो उंबऱ्याबाहेर बसून घासायचा. पाणी मागायचा, आत कधी आला नाही. आणि मी त्याला इतकी वर्षं घरात घेतलं होतं, मधला मऊ भाग वाढला होता. टेबलासमोर बसून त्याला मी काय काय सांगितलं नव्हतं! अंथरुणात अजून उजव्या बाजूला सरकून झोपते, हे सांगितलं होतं. त्याच्यासमोर ओले कपडे बदलले होते, आपलाच माणूस म्हणून. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला, आणि मग एवढा राग आला की ती कवटी मला फेकून द्यावीशी वाटली.

“आणि दुसरी पेटी?” मी विचारलं. “माझा एलादिओ?”

हासिन्तोने मान खाली घातली. “धारवाल्याला कोणी न्यायला आलं नाही ना, ताई. ज्यांना कोणी नाही ते... मागे.”

मागच्या भिंतीपलीकडे सिमेंटचा चौकोनी खड्डा आहे. वर पत्रा. हासिन्तोने पत्रा सरकवला. आत हाडंच हाडं होती, पावसाने काळी पडलेली, एकमेकांत गुंतलेली, कापडाची चिंधीसुद्धा कोणाच्या अंगावर नाही. मी खड्ड्याच्या काठावर ओणवी झाले. मला वाटलं, ओळखेन मी. ज्याच्याशेजारी आयुष्य काढलं त्याला ओळखणार नाही का? मी त्याला मोठ्याने हाक मारली. प्रत्येक कवटी माझ्याकडेच बघत होती आणि एकही माझी नव्हती. रेनाताने मागून माझ्या शालीचा पदर घट्ट धरून ठेवला होता, मी आत पडेन म्हणून.

“मोडलेलं पण न जुळलेलं मांडीचं हाड असेल,” ती म्हणाली. “मी शोधते. मावशी, मी उतरते आत.”

ती खरोखर उतरली. तासभर तिने हाडं वरखाली केली, हातांची कातडी सोलून घेतली. पण खड्ड्यात टाकताना, फावड्याने सारताना निम्मी हाडं मोडलीच होती. मोडलेली मांडीची हाडंच तिला इतकी सापडली की शेवटी ती त्यांच्यातच बसून रडायला लागली. मी म्हटलं, वर ये. दुपार कलायला लागली होती, आणि संध्याकाळी सगळ्यांची माणसं घरी येणार होती. माझा माणूस फाटक्या कपड्यांनी, किंवा कपड्यांशिवाय, कुठे उभा राहणार होता?

परत येऊन पेटीपाशी बसले. नवं कापड एकच होतं, त्यावर एलादिओचं नाव. दुसरं करायला आज सुई धरता येत नाही. या दिवसांत शिवायचं नसतं, आत्म्यांच्या अंगात सुई घुसते. तिबुर्सिओ उघडा पडला होता आणि मी त्याच्याकडे रागाने बघत बसले होते. रेनाताने गळ्यातली ओढणी काढली. आदल्या दिवशी बाजारात घासाघीस करून घेतलेली, जांभळी. ती तिने माझ्यापुढे धरली.

“चालेल?”

“त्याने काय पुण्य केलं होतं असं?” मी म्हटलं. पण ओढणी घेतली, पेटीत पसरली, आणि मांडीचं ते हाड ठेवताना सवयीने त्याला तेल लावलं. हात थांबला नाही, काय करणार.

एलादिओचं कापड छातीशी धरून मी घरी आले.

दिवेलागण व्हायला लागली. बाहेर कुंपणाच्या भिंतीवर शेजाऱ्यांनी मेणबत्त्या लावल्या होत्या, कुठेतरी प्रार्थनेत नावं वाचत होते. मी टेबल मांडलं. रेनाताच्या मनगटाला काळा दोरा बांधला. आत्म्यांनी ओढून नेऊ नये म्हणून तो लहान मुलांना बांधतात, पण ती त्या दिवशी लहानच दिसत होती. मी ठरवलं होतं, दार लावून घ्यायचं. लंगडा आला की त्याला बाहेरूनच परत पाठवायचं. हे घर एलादिओचं आहे.

वाटी टांगायची राहिली होती. ती घेऊन मी फाटकाशी गेले. वाटीत नेहमीचंच, कोंबडीचे दोन तुकडे आणि जळका कोपरा. आणि तिथे दोरीला गाठ मारता मारता माझी नजर त्या जळक्या कोपऱ्यावर पडली.

भट्टीतला चांगला पाव एलादिओने कधी खाल्ला नाही. चांगला गिऱ्हाइकाला, मऊ मला, आणि करपलेला तो उचलायचा. आधी नाइलाजाने, मग आवडीने. पिबचा जळका कोपरा तर तो माझ्याशी भांडून घ्यायचा. “हा माझा,” म्हणायचा, “खऱ्या भट्टीवाल्याचा.” आणि इतकी वर्षं वाटीतल्या मांसाची चव तशीच राहत होती, कुत्रं ते खात होतं, आणि त्या जळक्या कोपऱ्याची तेवढी चव जात होती. मी आत तेलाची बाटली मांडून दुसऱ्याची वाट बघत होते, आणि माझा नवरा स्वतःच्या फाटकाबाहेर उभा राहून, ज्यांना कोणी नाही त्यांच्या वाटीतून जेवत होता.

मी तिथेच खाली बसले. फाटक धरून रडले. “आत का नाही आलास?” मी त्या अंधाराला विचारलं. “हाक मारायची होतीस. दगड मारायचा होतास दारावर.” पण तो तसा नव्हताच. आत कोणी बसलंय, जेवतंय, बायको त्याच्याशी बोलतेय, हे बघून तो गुपचूप बाहेर थांबला असता. थांबलाच होता.

मी वाटी काढून घेतली. त्याचं कापड फाटकावर पसरलं, नाव बाहेरच्या बाजूला. आत येऊन टेबलाच्या मुख्य जागी रिकामं ताट ठेवलं आणि वाटीतला जळका कोपरा त्यात वाढला. मधला मऊ भाग दुसऱ्या ताटात, तेलाच्या बाटलीशेजारी. दार उघडं ठेवलं. रेनाता कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसली होती.

खडी वाजली. टाकलेलं, ओढलेलं. टाकलेलं, ओढलेलं. रेनाताने तोंडावर हात दाबला. पावलं दाराशी आली आणि थांबली. मेणबत्त्या वाकल्या नाहीत. त्याला कळलं होतं मला कळल्याचं.

“तिबुर्सिओ,” मी म्हटलं. या घरात त्याला त्याच्या नावाने कोणी पहिल्यांदाच हाक मारत होतं. “तुझं पान वाढलंय, ते तुझंच आहे. तुझी काही चूक नाही. पण फाटकाशी माझा माणूस उभा आहे, बुजलाय. त्याला वाटतं हे घर आता दुसऱ्याचं झालं. तू सांग त्याला. मी सांगून तो येणार नाही.”

बराच वेळ काहीच झालं नाही. मग खडीवर पावलं परत गेली, टाकलेलं, ओढलेलं, फाटकापर्यंत. बाहेर वारा नव्हता, तरी कापड फडफडल्याचा आवाज आला. मला वाटलं, गेले दोघंही. आता कायमचे गेले.

मग खडी पुन्हा वाजली. लंगडं पाऊल पुढे. आणि त्याच्या मागून दुसरं, हलकं, मध्येच अडखळणारं, नाचणाऱ्या माणसाचं.

मी टेबलाकडे बघत राहिले. वळून बघायचं नसतं. सगळ्या मेणबत्त्या एका बाजूला कलल्या आणि किती तरी वेळ तशाच राहिल्या. मला एवढंच सुचलं, “हात धू आधी.”

“मावशी,” रेनाता कुजबुजली, “दोघं आले ना?”

मी मान डोलावली.

सकाळी फाटकावर कापड नव्हतं. आम्ही गल्लीत शोधलं, शेजाऱ्यांना विचारलं, कुठेच सापडलं नाही. रेनाताची बस दुपारची होती. तिने भांडी घासली, अंगण झाडायला घेतलं तर मी तिच्या हातातून झाडू काढून घेतला, कारण खडीवरच्या त्या खुणा मला एवढ्यात मोडायच्या नव्हत्या.

ती आवरायला गेल्यावर मी टेबलापाशी बसले आणि एलादिओच्या ताटातला जळका कोपरा तोंडात टाकला. हळूहळू, शेवटच्या कणापर्यंत चावून खाल्ला. कडूसुद्धा लागला नाही.